छबूची शीळ

जिन्याची मधली पायरी नेहमीप्रमाणे करकरली, पण वरून शीळ आली नाही.

एवढेच घडले होते. एका हातात कातडी पिशवी आणि दुसऱ्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली लसूणघासाची पेंढी घेऊन रंगनाथराव त्या पायरीवर थांबले. पाय उचलून त्यांनी तो पुन्हा खाली ठेवला. पायरी पुन्हा करकरली. तिच्याकडून काही कसूर झालेली नव्हती. नगरच्या तोफखाना भागातल्या त्या भाड्याच्या माडीवर संध्याकाळचे ऊन कठड्यापाशी रेंगाळत होते, वर पत्नी मुक्ताबाईंच्या स्टोव्हचा फरफराट चालला होता, खाली बोळात कोणी सायकलला हवा भरत होते. जगातले बाकीचे सगळे आवाज जागच्या जागी होते. नव्हती ती फक्त शीळ. आणि ती नाही हे ध्यानात येताच रंगनाथरावांच्या छातीत जे गार झाले, ते केवळ भय नव्हते. त्यात ओळखही होती. ही शांतता त्यांच्या नित्य ऐकण्यातली होती.

शाळा तपासणे हा त्यांचा पेशा. सरकारने त्यांच्या हुद्द्याचे नाव बदलले होते, तरी खेड्यापाड्यांत लोक त्यांना जुन्या सवयीने 'दिपोटी'च म्हणत. पारनेर, जामखेड, पाथर्डी. जिल्ह्यात जेथे एस.टी. जाते तेथे आणि जेथे ती जात नाही तेथेही ते जाऊन आलेले होते. प्रत्येक ठिकाणी त्यांच्या वहाणांचा आवाज उंबऱ्याशी पोचला, की दिव्यावर फुंकर घालावी तसा आतला गलका विझे. पाढे मध्येच तुटत. गुरुजींचा हात खडूसकट फळ्यावर थबके. तरुणपणी ही शांतता त्यांना आपल्या अधिकाराची पावती वाटली. पुढे तिची सवय झाली. मग केव्हातरी, त्यांचे दोघे मुलगे लहान असताना, आतल्या खोलीत आईशी काहीबाही बोलून गडबडा लोळत हसत होते, आणि नेमके तेव्हाच हे कचेरीतून परतले. याच पायरीने वर्दी दिली. हसू तुटले. ते वर गेले तेव्हा दोघेही पुस्तके उघडून बसलेले होते, आणि हसताना आलेले पाणी धाकट्याच्या गालावर अजून वाळायचे होते. कशाला हसत होता, असे विचारायला ओठ उघडलेही होते; परंतु तपासणीचा प्रश्न आणि कुतूहलाचा प्रश्न यांतला भेद ज्या सुराने दाखवायचा, तो सूर त्यांच्या गळ्यात नव्हता. मुलगे मोठे झाले, एक नाशकाला गेला, एक पुण्याला. दोघेही सज्जन, पत्राच्या माथ्यावर न चुकता 'तीर्थरूप' लिहिणारे.

आणि मग छबू आली. नगरातल्याच एका हायस्कुलाच्या प्रयोगशाळेत, कोपऱ्यातल्या जाळीच्या पेटीत, पिंगट-पांढऱ्या ठिपक्यांचे ते बिनशेपटीचे जनावर बसलेले होते. आणि डेड स्टॉकच्या वहीत, मोडका तराजू आणि बेडकाचा सांगाडा यांच्या मध्ये, त्याची नोंद होती: गिनीपिग, नग एक. रंगनाथरावांनी हरकत घेतली. श्वास घेणाऱ्या प्राण्याला जडवस्तूंत बसवता येणार नाही. मुख्याध्यापक म्हणाले, जिवंत वस्तूंची वही खात्याने दिलेलीच नाही. रंगनाथरावांनी परिपत्रकाचा दाखला दिला, मुख्याध्यापकांनी त्याच्या नंतरच्या परिपत्रकाचा, आणि अखेर घाम पुसत ते म्हणाले, "साहेब, थोडी कळ काढा. मेलं की आपोआप बरोबर वहीत येईल." उत्तर तर्काच्या अंगाने निर्दोष होते, आणि म्हणूनच रंगनाथरावांना ते सोसले नाही. पेटी टांग्यात घालून त्यांनी ती घरी आणली.

"शाळा तपासायला गेला होता की उचलायला?" मुक्ताबाई म्हणाल्या. "अहो, उंदीर आहे हा."

"उंदीर नव्हे. गिनीपिग. वास्तविक ते डुक्कर नव्हे आणि गिनीतलेही नव्हे."

"मग नाव कुणी ठेवलं? तुमच्या खात्यानं?" असे म्हणून त्यांनी त्या जनावराच्या कपाळावरून बोट फिरवले आणि तिचे नाव छबू ठेवून टाकले.

थोड्याच दिवसांत, मधली पायरी करकरताच वरून एक लांब, चढत जाणारी शीळ आली. रंगनाथरावांनी आधी मागे वळून बोळात पाहिले. कोणी उनाड पोर असावे. मग लक्षात आले. तुम्हाला ओळखते ती, असे मुक्ताबाई म्हणाल्या, तर त्यांनी ते खोडून काढले: मला नव्हे, घासाला. पण मनात शंका राहिली, आणि शंका राहू देणे हा त्यांचा स्वभाव नव्हता. ते एकदा रिकाम्या हाताने आले, शीळ आली. एकदा वहाणा बदलून आले, शीळ आली. दुसरा कोणी जिना चढला, तर मात्र पेटीत चिटपाखरूही नसावे अशी सामसूम. पुरावा निर्विवाद होता. आपली चाहूल लागताच जो गप्प होत नाही, उलट ओरडू लागतो, असा एक जीव या पृथ्वीवर आहे, हे त्यांना निवृत्तीच्या तोंडावर कळले. हे त्यांनी कोणाला सांगितले नाही. मात्र पारनेरच्या आप्पासाहेब नावाच्या बागायतदाराच्या विहिरीवरचा घास, बाहत्तर सालच्या त्या भाजून निघालेल्या दुष्काळातसुद्धा, फडक्यात गुंडाळून ते एस.टी.तून मांडीवर घेऊन येऊ लागले.

आता ती पेंढी त्यांनी कठड्यावर ठेवली. छबू पेटीच्या कोपऱ्यात पाठीचा पोक काढून बसली होती. अंगावरचा केस न् केस उभा. खालच्या वर्तमानपत्रावर, एका पुढाऱ्याच्या भाषणाच्या मथळ्याखाली, गुलाबी ओल पसरली होती, आणि वाळलेल्या कडांना खडूच्या भुकटीसारखे पांढरे काही लागले होते. ते पाहत असतानाच तिने मागचे अंग उचलले, कुंथली, आणि एक बारीक, चिरत जाणारा आवाज काढला. ती शीळ नव्हती.

"दुपारपासून असंच चाललंय," मुक्ताबाई म्हणाल्या. "मी बाजूलाच बसून आहे. मी तरी काय करणार, सांगा."

रंगनाथरावांनी फळीवरची टोपली खाली काढली आणि सकाळसाठी तिच्यात फडके अंथरले.

जनावरांच्या दवाखान्यात सकाळी बैलांची रांग होती, बरगड्या मोजून घ्याव्यात असे बैल. त्या रांगेत कोट-टोपी घातलेला साहेब फडक्याने झाकलेली टोपली घेऊन उभा राहिला, तेव्हा माणसे निरखू लागली. "कोंबडी हाय का साहेब?" एकाने विचारले. "बोलती का न्हाई?" दुसऱ्याने विचारले. रंगनाथराव म्हणाले, "कालपर्यंत बोलत होती," आणि आपल्या आवाजाचेच त्यांना नवल वाटले.

डॉक्टर गहिनीनाथ बडे हा पाथर्डीकडचा तरणा, रुंद पंजाचा माणूस. बैलाच्या जबड्यात कोपरापर्यंत जाणारा तो हात छबूच्या पोटाखाली गेला आणि एकाएकी असा हलका झाला, की जणू पाण्यावरची साय उचलायची आहे. "मुतखडा," तो म्हणाला. "ज्वारीच्या दाण्याएवढा असेल, खाली वाटेशी येऊन अडकलाय. खायला काय घालता?"

या प्रश्नाचे उत्तर रंगनाथरावांजवळ तयार होते, आणि ते देताना त्यांची मान थोडी ताठ झाली. उत्तम घास. बागायती, कोवळा, दोन्ही वेळा. या दुष्काळातही हिला कधी वाळल्या काडीवर ठेवलेले नाही.

"तिथंच घोटाळा झाला," डॉक्टर म्हणाला. "घासात चुना फार. म्हैस खाते, दुधातून काढून टाकते. ही खाते आणि बसते. वर आपल्या नगरच्या विहिरीचं पाणी. चहाच्या भांड्याला पांढरं पुट चढतं ना, तेच हिच्या आत चढलं."

रंगनाथरावांनी वाद घातला. सारा जिल्हा आपल्या सर्वांत लाडक्या जनावराला घासच घालतो. जे सर्वमान्य उत्तम आहे, ते अपायकारक कसे ठरेल? डॉक्टरने ऐकून घेतले. मग म्हणाला, "म्हशीला उत्तम ते हिलाही उत्तम, असं मात्र कोणी मानलेलं नाही, साहेब. ते तुम्ही मानलंत." आपण तिच्या मुखी जे प्रेमाने घातले, त्याचाच दगड झाला, हे वाक्य त्यांच्या मनात इतके घट्ट, इतके सुबक बांधले गेले, की त्यात कोठे फट सापडेना.

"मी तुम्हाला ओळखतो," छबूला टोपलीत ठेवीत डॉक्टर म्हणाला. "आमच्या शाळेत तुम्ही तपासणीला यायचा. मी काही पाहिलं नव्हतं तुम्हाला. मी ढ. त्या दिवशी गुरुजी आम्हा ढ पोरांना शाळेत येऊच देत नसत, निकाल बिघडतो म्हणून. मग मी दिवसभर म्हशी राखायचो." तो मोकळेपणाने हसला. "म्हणून तर या धंद्यात आलो. म्हणजे एका परीनं तुमचीच कृपा."

त्याने उपचार सांगितला तो असा: कापायचे नाही, कापले तर खड्याआधी हीच जाईल. मादी आहे हे नशीब, वाट आखूड आहे. पाणी उकळून, गार करून, गाळून पाजायचे. घास बंद. ओली हरळी द्यायची, जितकी खाईल तितकी.

"या दिवसांत हरळी?"

"तुम्ही जिल्हा फिरता, साहेब. शोधा. खडा वाटेत सैल पडू दे, मी येऊन काढतो. पण ती खाती-पिती राहिली तरच. उपाशी पडली तर मग मी नाही आणि तुम्ही नाही."

बोळात बातमी त्यांच्या आधी पोचली होती. नगरच्या पाण्याने कोणत्या घराला सोडलेले आहे? पण पडलेला खडा टाकून देण्याची नगरात रीत नाही. कापसात ठेवून, काडेपेटीत घालून तो जपतात आणि पाहुण्याला दाखवतात. ज्या जिन्याला आजवर दुधवाल्याखेरीज कोणी पाय लावला नव्हता, त्या जिन्यावर त्या संध्याकाळी बोळातली माणसे काडेपेट्या घेऊन चढली. तळमजल्यावरच्या भामाबाईंनी आपल्या यजमानांचा खडा तळहातावर ठेवला. "आमच्या ह्यांचा बघा. पडला तवा मोरीत टणकन वाजला, मला चुलीपाशी ऐकू आलं." मग त्यांनी हुलग्याचे कढण वाटीत ओतले, आणि छबूने ते हुंगून तोंड फिरवताच स्वतःच पिऊन टाकले. पेटीभोवती गर्दी जमली. कोण किती तळमळला, कोणाचा किती दिवस अडला, यावर वाद पेटले, आणि त्या वादात, स्वतःच्याही नकळत, रंगनाथराव म्हणून गेले, "मलाही झाला होता."

मुक्ताबाईंनी हातातली गाळणी खाली ठेवली. "कधी?"

"जामखेडच्या डाकबंगल्यात. पडला. टाकून दिला."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"निकाल लागल्यावर काय सांगायचे."

"तरीच," मुक्ताबाई भामाबाईंकडे वळून म्हणाल्या, "त्या साली जामखेडच्या एकाही शाळेला यांनी बरा शेरा दिला नाही." माणसे हसली. हसणारी माणसे त्यांच्याच माडीवर, त्यांच्याच समोर होती, आणि त्यांच्याकडे पाहून कोणीही थांबले नाही. रंगनाथरावांनी भिंतीला पाठ टेकली. काही एक वाहत होते आणि ते त्यात बसलेले होते, असे त्यांना वाटले. मग दृष्टी पेटीकडे गेली, आणि त्या कोपऱ्यातला उभ्या केसांचा गोळा पाहून ते वाटणे ओसरले.

पाथर्डी तालुक्यातली तपासणी ठरलेली होती, ते गेले. छबूला पाणी पाजायचे काम मुक्ताबाईंनी घेतले होते, शाईच्या ड्रॉपरने, थेंब थेंब. गाडीच्या दोन्ही अंगांना उघडी माळराने फिरत होती आणि रस्त्याच्या कडेला, कापडाच्या चिंध्यांच्या सावलीत, दुष्काळी कामावरची माणसे खडी फोडीत होती. हातोड्यांचे आवाज खिडकीतून येत आणि मागे पडत. एवढा मोठा जिल्हा दगड फोडून पोट भरतो आहे, आणि आपण ज्वारीच्या दाण्याएवढ्या एका खड्यासाठी व्याकूळ आहोत, हे योग्य आहे काय? त्यांनी दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. गुरांना नाही ते हिरवे एका उंदरासारख्या जिवासाठी मागणे लाजिरवाणे होते. त्यावर उत्तर एवढेच की मूठभर हरळीने कोणत्या गुराचे पोट भरणार नव्हते, आणि तिचे भरणार होते. युक्तिवाद लंगडा होता, हे त्यांना पुरते कळत होते. आयुष्यात प्रथमच त्यांनी एक लंगडा युक्तिवाद आपल्या बाजूने मंजूर केला.

शाळा एका खोलीची. निम्मी पोरे आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली. गुरुजींचे नाव कारभारी. रंगनाथरावांची वहाण उंबऱ्यावर वाजली आणि पाढा तुटला. शांतता पसरली, तीच, ओळखीची. ते खुर्चीवर बसले नाहीत. फळ्यापाशी उभे राहून त्यांनी विचारले, "हरळी कोणी पाहिली आहे काय? ओली, हिरवी?"

कारभारी गुरुजी घसा खाकरून म्हणाले, "साहेब, त्यो धडा अजून झाला न्हाई."

"धड्यातली नव्हे. खरी हवी आहे."

मागच्या भिंतीशी बसलेली, लंका नावाची एक पोरगी म्हणाली, "कशाला पायजे?" गुरुजींनी डोळे वटारले.

"घरी एकजण आजारी आहे. तिला मुतखडा झाला आहे."

"बाय हाय का गाय?"

कोठेतरी एक हसू फुटले आणि दाबले गेले. दोन्ही नाही, असे रंगनाथराव म्हणाले, आणि ते जनावर कसे आहे ते सांगू लागले. पण रंग सांगितला, आकार सांगितला, तरी ज्यासाठी सांगायचे ते राहूनच जात होते. तेव्हा त्यांनी टोपी सारखी केली, ओठांचा चंबू केला, आणि खालून वर चढत जाणारी ती लांब शीळ, जशी ऐकली होती तशी, त्या वर्गात घातली.

मग जे झाले त्याला शाळा म्हणता येणार नाही. पोरे गुडघ्यांवर उठली. "म्या बघितली, हिरीच्या थारोळ्यापाशी, पानी झिरापतं तितं." "नाथाच्या देवळामागं लई हाय." "न्हाई साहेब, तिथली शेळ्यांनी खाल्ली." "आमच्या मोरीचं पानी जातं तितं हाय." "मोरीची नगं, साबण असतोय तीत." ज्याला त्याला दुसऱ्याच्या हरळीत खोट दिसत होती. "परत वाजवा की," असे कोणी म्हणाले, आणि रंगनाथरावांनी ती पुन्हा वाजवली. त्या कालव्याच्या मधोमध उभे असता त्यांच्या पायांना एक अपरिचित, जवळजवळ अशोभनीय हलकेपणा आला. छबू बरी होती तेव्हा घास पाहून जागच्या जागी उडी घेत असे, तसाच.

पोरे पांगली. कारभारी गुरुजींनी दाराबाहेर एकदा पाहून घेतले. मग टेबलाचा खडूचा खण ओढून ते दबक्या आवाजात म्हणाले, "आता इषय निघालाच हाय तर," आणि त्यांनी काडेपेटी उघडून पुढे केली. "माझा. तीन कोनाचा हाय, बगा." रंगनाथरावांनी चष्मा पुसला आणि पाहिला; आणि आजवर कोणत्याही शाळेच्या कोणत्याही वस्तूची त्यांनी इतक्या मोकळ्या मनाने तारीफ केली नव्हती. त्या शाळेला त्यांनी शेरा दिला तो एका ओळीचा: मुले धीट आहेत.

परतीच्या गाडीत मांडीवरच्या ओल्या पिशवीतून हरळीचे शेंडे बाहेर डोकावत होते. "चतुर्थीला अवकाश हाय, साहेब," कंडक्टर म्हणाला. "आत्तापासून दूर्वा?"

"गणपतीसाठी नाहीत. घरी उंदरासारखे एक जनावर आहे."

"मंग गणपतीच्याच घरातलं की," असे म्हणून त्याने तिकीट फाडले.

छबूने पहिली काडी ओढली ती सुईत दोरा ओढावा तशी, हळू, थांबत. मुक्ताबाईंनी रंगनाथरावांच्या दंडाला धरले आणि काडी पुरती आत जाईपर्यंत सोडले नाही. मग तिने दुसरी घेतली. दुसऱ्या दिवशी गहिनीनाथ डॉक्टर स्वतःच जिना चढून आला. बोटाला खोबरेल लावून, एका हाताने तिला छातीशी धरून, तो तिच्याशी बैलाशी बोलावे तसे बोलत राहिला: "हं, राणी, हं, बस झालं, सोड." छबू किंचाळली. रंगनाथरावांनी डोळे मिटून घेतले; आणि मिटल्या डोळ्यांना पितळी वाटीत काहीतरी वाजलेले ऐकू आले, इतके बारीक, की ते झाले की नाही याबद्दल वाद घालता आला असता. वाटीत खडा होता. पिवळसर, खरबरीत, ज्वारीच्या दाण्याएवढा. मुक्ताबाईंनी काड्या ओट्यावर ओतून काडेपेटी रिकामी केली.

"आता चारदोन दिवस ती गप्प राहील," डॉक्टर म्हणाला. "भ्यालीय. आवाजाची घाई करू नका."

त्यांनी घाई केली नाही. कचेरीतून येताना ते जिन्याशी जरा थांबत, मग चढत. पायरी करकरे, वर सामसूम. छबू खात होती, तिच्या अंगावरचे केस बसले होते, वर्तमानपत्र स्वच्छ होते. मागण्यासारखे आणखी काय होते? तरीही एक हिशेब त्यांच्या मनातून जाईना: ती भ्याली कोणाला? कदाचित तिलाही आता कळले असेल, की या पायरीमागून येणाऱ्या माणसाने दगड आणला होता. तसे असेल तर ती शांतता न्याय्य आहे, आणि न्याय्य गोष्टीविरुद्ध तक्रार करता येत नाही. असे ते स्वतःला बजावीत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जिन्याशी थांबत.

मग एका संध्याकाळी ते कशाच्या तरी विचारात होते. बहुधा कसल्याच नाही. हातात नुसती पिशवी होती, हरळी नव्हती. मधली पायरी करकरली आणि वरून शीळ आली. आधी घोगरी, तुटक, जशी गंजलेली बिजागरी. मग तिने स्वतःला सावरले आणि ती चढत गेली, जिन्याच्या वर, कौलांच्या वर, लांब.

"आले गं बाई, आले," वरून मुक्ताबाईंचा आवाज आला. "माहीत आहे मला."

रंगनाथराव वर गेले नाहीत. ते वळले. ती पायरी पुन्हा करकरू न देता खाली उतरण्याची वेळ त्यांच्यावर आजवर कधी आली नव्हती. कठड्याला धरून, चोरासारखे, ते उतरले आणि बोळात येऊन उभे राहिले. तळमजल्याच्या दारात भामाबाई तांदूळ निवडीत होत्या.

"काय इसरलं, साहेब?"

"काही नाही," रंगनाथराव म्हणाले. "वर जायचे आहे."

आणि त्यांनी जिना पुन्हा पहिल्यापासून चढायला घेतला, आणि मधल्या पायरीवर पाय जरा जोरातच ठेवला.